नेपच्यून अग्राह्य

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (खरोखर वाकले होते. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं, ते काढताना नमस्कारही झाला, म्हणून नोंदवते आहे. झाला नसता तर लिहिला नसता.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू 'बरा आहे' एवढंच लिहिलंस. बरा म्हणजे किती, ते कळत नाही. जिना चढताना मधे किती वेळा थांबतेस, आणि थांबल्यावर कठड्याला धरतेस की भिंतीला टेकतेस, एवढं कळवलंस तर मला अंदाज येईल. मी ठीक आहे. जेवते, झोपते. वजन मागच्या वर्षाइतकंच आहे, आणि ते प्रयोगशाळेतल्या काट्यावर पाहिलेलं असल्यामुळे 'वाळली असशील' हे तुझं नेहमीचं वाक्य या वेळी चालणार नाही. पत्र लिहायला विशेष कारण नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, एवढंच.

गेले दोन महिने मी दर रविवारी सकाळी आमच्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात 'ग्रह आणि ग्रहमाला: एक ओळख' असा वर्ग घेते आहे. तू हसशील हे गृहीत धरून पुढे लिहिते. झालं असं, की ग्रंथपालबाईंनी मला विचारलं, तुम्ही विज्ञानातल्या ना? मी म्हणाले, मी मापनातली. वजनं, फूटपट्ट्या आणि तापमापकं बरोबर आहेत की नाहीत ते तपासते. त्या म्हणाल्या, म्हणजे विज्ञानातल्याच, आणि त्यांनी दारातल्या फळ्यावर माझं नाव लिहून टाकलं. नाही म्हणायला मला साधारण चार सेकंद लागतात, आणि त्यांचा खडू त्याहून वेगाने चालतो. पहिल्या रविवारी अकरा जण आले. त्यांतल्या सात जणांना आपले ग्रह कधी सुधारणार हे जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, ग्रहांत सुधारणा होण्यासारखं काही नाही, साडेचार अब्ज वर्षं ते असेच आहेत. दुसऱ्या रविवारी ते सात जण आले नाहीत. उरलेल्या चौघांपैकी एक स्वतः ग्रंथपालबाई. त्यांना कुलूप लावायचं असतं, म्हणून त्या बसतात. दुसरे ड्रायव्हरकाका. शहर बसवर तीस वर्षं काढून निवृत्त झाले आहेत. तिसरी नर्सताई, जी रात्रपाळी संपवून थेट येते आणि पहिल्या वाक्याला झोपते. चौथा प्लंबर. तो मुळात ग्रंथालयाचा नळ दुरुस्त करायला आला होता आणि राहिला.

मी पहिला धडा फार तयारीने घेतला. ग्रह कशाला म्हणायचं याच्या तीन अटी आहेत, त्या फळ्यावर लिहिल्या: तो सूर्याभोवती फिरला पाहिजे, स्वतःच्याच ओढीने गोल झालेला असला पाहिजे, आणि आपल्या वाटेवरची बाकीची गर्दी त्याने हटवलेली असली पाहिजे. मग प्रत्येक अटीला पोटअटी दिल्या. चाळीस मिनिटं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अजून एकाही ग्रहाचं नाव आलेलं नाही. ड्रायव्हरकाकांनी हात वर केला. मला वाटलं, पोटअटी क्रमांक दोनबद्दल शंका असेल. त्यांना विचारायचं होतं की नववा कुठे गेला. त्यांनी शाळेत नऊ पाठ केले होते. मी सांगितलं, प्लूटो तिसऱ्या अटीत बसत नाही, त्याच्या वाटेवर त्याच्यासारखे इतर पुष्कळ आहेत. काका म्हणाले, म्हणजे स्टॉपवर दुसऱ्या गाड्या उभ्या आहेत म्हणून माझी गाडी बस नाही, असं? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पोटअटींत होतं.

तिसऱ्या रविवारी ग्रहमाला कशी जन्मते ते सांगितलं. वायू आणि धुळीचा एक ढग आपल्याच ओढीने आकसतो, आकसताना गरगरतो आणि पोळपाटासारखा चपटा होतो. मधोमध तारा पेटतो. ताऱ्याजवळ इतकं तापतं की तिथे दगड आणि धातू तेवढे टिकतात, म्हणून आतले ग्रह लहान आणि खडकाळ. लांब, जिथे पाण्याचा बर्फ होतो, तिथे माल मुबलक, म्हणून बाहेरचे ग्रह धिप्पाड. सगळी बेरीज केली तर साऱ्या ग्रहमालेचा हजारातला जवळजवळ नऊशे नव्याण्णव भाग एकट्या सूर्यात आहे. गुरू, शनी, आपण, ग्रंथालय, हे सगळं सूर्य बनवून उरलेल्या मालात. प्लंबर म्हणाला, काम झाल्यावर आमचंही तेवढंच उरतं, ते आम्ही पिशवीत भरून नेतो. माझ्या सबंध व्याख्यानापेक्षा हे वाक्य बरं होतं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.

तेवढ्यात नर्सताई जागी झाली आणि तिने महिनाभरातला सगळ्यांत चांगला प्रश्न विचारला: दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह आहेत म्हणता, ते दिसतात का? मी म्हणाले, बहुधा नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित, शंभरातला एखादा भाग, कमी होतो. ठरावीक दिवसांनी पुन्हा तेवढाच कमी झाला, की समजायचं तिथे कोणीतरी फिरतं आहे. पुढच्या रविवारी मी हे करून दाखवायचं ठरवलं. प्रयोगशाळेतून उजेड मोजायचं यंत्र रीतसर सही करून आणलं. एक बल्ब, त्याच्याभोवती दोऱ्याला टांगून फिरवलेलं बटण, समोर यंत्र. बटण आड आलं की आकडा उतरत होता. सगळे खूश. मग मला दिसलं, की प्रत्येक फेरीत आणखी एकदा, थोडासा, आकडा उतरतो आहे. आत्या, मी त्या चौघांना दहा मिनिटं समजावलं, की शास्त्रात अशाच क्षणी कान टवकारायचे असतात, कारण न दिसणारा दुसरा ग्रह असाच सापडतो. मी त्याचा आकार काढला. फेरीचा काळ काढला. ग्रंथपालबाई चष्मा पुसून म्हणाल्या, तुम्ही बटण ढकलायला वाकता ना, तेव्हा तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र मधे येतं. (मी यंत्र तपासलं होतं, बल्ब तपासला होता, वीजदाब तपासला होता. तपासायचं राहिलं ते एकच उपकरण, आणि ते मी होते.) ग्रहाला मी दिलेलं नाव अजून फळ्याच्या कोपऱ्यात आहे. ग्रंथपालबाई ते पुसू देत नाहीत.

असे दिवस घालवल्यावर ड्रायव्हरकाका म्हणाले, मॅडम, आकडे कानावरून जातात. हे किती लांब आहे ते चालून दाखवा, आम्ही चालणारी माणसं आहोत. कल्पना मला पटली. प्रमाण ठरवलं: एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. हे प्रमाण मी फक्त सोपं आणि गोल म्हणून निवडलं. त्यात सूर्य चौदा सेंटिमीटरचा होतो. प्लंबरने टाकीतल्या बॉलकॉकचा पोकळ गोळा आणून पिवळा रंगवला. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा दाणा. इथे कोणीही शहाण्या माणसाने मुठीतून एक दाणा उचलला असता. मी कॅलिपर घेऊन बेचाळीस मोजले आणि एकोणचाळीस नाकारले. गुरूला गोटी. शनीला मणी, आणि कडं म्हणून प्लंबरकडचं वॉशर. युरेनस आणि नेपच्यून पाच-पाच मिलिमीटरचे, एक हिरवट, एक निळा. प्रत्येकाला काचेची छोटी डबी आणि पुठ्ठ्यावर माहिती.

मग अंतरं. आमचा रस्ता सरळ आहे, एवढा एक गुण त्यात आहे. सूर्य टांगला ग्रंथालयाच्या आत, मासिकांच्या कपाटापाशी, सगळ्यांत मागच्या भिंतीजवळ (तिथे उजेड चांगला आहे). पाच मीटर ऐंशी सेंटिमीटरवर वर्तमानपत्रांचं टेबल, तिथे बुध. दारात शुक्र. पंधरा मीटरवर फाटकाचा दिवा, तिथे पृथ्वी. बसथांब्याच्या खांबावर मंगळ. अठ्ठ्याहत्तर मीटरवर औषधांचं दुकान, तिथे गुरू. एकशे त्रेचाळीसवर न्हाव्याकडे शनी. दोनशे सत्त्याऐंशीवर लाँड्री, जिच्या माडीवर मी राहते, तिथे युरेनस. आणि चारशे पन्नासवर नेपच्यून. अंतर मी प्रयोगशाळेच्या मोजणीच्या चाकाने मोजलं. ढकलत नेलं की ते फिरतं, एका फेरीला एक मीटर. चाक लोखंडी आहे, फरशीवर फार खडखडतं. वाचकांना त्रास नको म्हणून मी त्याच्या धावेवर रबराची पट्टी चिकटवली. (हे वाक्य पुन्हा लागेल.)

चारशे पन्नास मीटरवर बाबांचं दुकान आहे.

काय झालं होतं ते तू तुझ्या भावाकडून ऐकलं आहेस. माझी बाजू आकड्यांत सांगते, म्हणजे लवकर संपेल. बाबा लोकांचे काटे दुरुस्त करून देतात, आणि काटा बरोबर झाला की नाही ते ज्या पितळी किलोवर ठरवतात तो आजोबांचा. दर दोन वर्षांनी तो तपासणीला आमच्या प्रयोगशाळेत येतो. मागच्या खेपेला तो माझ्या टेबलावर आला. नियमाप्रमाणे घरच्या माणसाची वस्तू सहकाऱ्याकडे द्यायची असते. मी दिली नाही, कारण माझ्याइतकं निःपक्षपाती तिथे कोणी नाही, अशी माझी समजूत होती. किलो बासष्ट मिलिग्रॅमने हलका निघाला. पन्नासपर्यंत चालतं. मी अहवालावर 'अग्राह्य' असा शिक्का मारला आणि पाकीट टपालात टाकलं. वर चुकलेले बारा मिलिग्रॅम म्हणजे मोहरीचे पाच-सहा दाणे. माझ्या सूर्यमालेच्या हिशोबात बाबांच्या आणि माझ्या मधे सहा पृथ्व्या आहेत. फोन करून 'बाबा, हलका आहे, शिसं भरून आणा, मग पाहू' म्हणायला वीस सेकंद पुरली असती. तसा रकाना फॉर्ममध्ये नाही, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. बाबा बोलायचे थांबले, मी लाँड्रीवर राहायला आले. याला चौदा महिने झाले. आमच्या मधे एकशे त्रेसष्ट मीटर अंतर आहे. आई दर गुरुवारी डबा घेऊन येते, आणि दर वेळी हेच सांगून जाते, की तुम्ही दोघं एकाच साच्यातली आहात, तुमच्यात पडून मी माझी मान मोडून घेणार नाही.

आता नेपच्यून ठेवायचा म्हणजे दुकानदाराची परवानगी लागणार. ती बाकी सगळीकडे मी मागितली. (औषधवाल्याला वाटलं, त्याच्या वाट्याला बुध आला आहे, आणि तो त्याला नको होता, कारण त्याच्या दुकानाला मोहरीहून लहान वस्तू शोभणार नाही, गुरू म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली.) शेवटच्या दुकानात ड्रायव्हरकाका जातो म्हणाले. का, ते त्यांनी विचारलं नाही. आमच्या रस्त्यावर सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि याचा एवढा एक फायदा आहे. परत येऊन त्यांनी वृत्तान्त दिला. बाबांनी डबी हातात घेतली, आतला मणी काढला, बारीक काट्यावर ठेवून त्याचं वजन केलं, परत डबीत घातला आणि 'ठेवा' म्हणाले. मी विचारलं, आणखी काही? काका म्हणाले, पावती दिली आहे. पावतीवर लिहिलं होतं: 'निळा मणी एक. तपासणी बाकी.'

त्याच आठवड्यात वर्गात नेपच्यूनचा शोध आला. युरेनस गणिताने दाखवलेल्या वाटेने जाईना. कधी पुढे, कधी मागे. तेव्हा दोघा गणितज्ञांनी आपापल्या देशांत बसून हिशोब केला, की पलीकडे कोणीतरी न दिसणारं याला ओढतं आहे, आणि ते अमुक ठिकाणी असलं पाहिजे. दुर्बीण तिकडे वळवली आणि जवळजवळ तिथेच नेपच्यून सापडला. नर्सताई त्या दिवशी नेमकी जागी होती. ती म्हणाली, म्हणजे पलीकडच्याचा ठावठिकाणा याच्या बिघडलेल्या चालीवरून लागला. मी म्हणाले, होय, साधारण तसंच, आणि फळा पुसायला वळले. फळा आधीच कोरा होता.

मागच्या रविवारी चालायचा कार्यक्रम झाला. तीस-पस्तीस माणसं जमली, म्हणजे काकांनी बसथांब्यावरच्या रांगा वळवून आणल्या असाव्यात. आई आली नाही. तिला गुडघ्याचा त्रास नाही, तरी गुडघा दुखतो म्हणाली. सुरुवात बरी झाली. मी सांगितलं, की या प्रमाणात प्रकाश सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकतो, रांगत्या मुलापेक्षा हळू. तेव्हा आपण सगळे आज प्रकाशाहून वेगाने जाणार आहोत. काका म्हणाले, तीस वर्षं लोक माझ्या गाडीला हळू म्हणत होते. फाटकापाशी पोचलो तर डबी स्वच्छ आणि रिकामी. झाडणाऱ्या बाईंनी सकाळी ती उघडून पुसून ठेवली होती, आत घाण होती म्हणाल्या. पस्तीस माणसं पृथ्वीच्या रिकाम्या डबीभोवती उभी, आणि मी खिशातून (आत्या, रागावू नकोस) राखीव पृथ्वी काढली. तीन दाणे उरले होते ना. औषधवाल्याने गुरूखाली 'सर्वांत मोठा' अशी पाटी लावली होती आणि ती ग्रहाबद्दल होती की दुकानाबद्दल, ते स्पष्ट होत नव्हतं. न्हाव्याकडे गिऱ्हाइकांनी शनीचं कडं फिरवून फिरवून सैल केलं होतं. पुढचा तारा कुठे, असं कोणीतरी विचारलं. मी म्हणाले, याच प्रमाणात चार हजार किलोमीटरवर. काकांनी गंभीरपणे विचारलं, थेट गाडी आहे का.

शेवटच्या दीडशे मीटरांत बोलण्यासारखं काही नाही, तिथे खरोखर काही नसतं, म्हणून मी काही बोलले नाही. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. खाली बाबांच्या चपला दिसत होत्या, पाय घातलेल्या. शटरवर नेपच्यूनची डबी टांगलेली, आणि शेजारी एक कागद चिकटवलेला. माझ्या नजरेआधी काकांची नजर गेली आणि त्यांनी तो बसमधल्या घोषणेच्या आवाजात वाचला. नमुना: नेपच्यून. अपेक्षित अंतर: चारशे पन्नास मीटर. प्रत्यक्ष अंतर, पोलादी टेपने: चारशे अठ्ठावन्न मीटर पन्नास. निष्कर्ष: अग्राह्य. खाली सही, तारीख, आणि बाबांच्या दुकानाचा शिक्का. रकाने आमच्या प्रयोगशाळेच्या फॉर्मचेच होते, क्रमसुद्धा तोच.

मी तिथेच मनात हिशोब केला. धावेवर पट्टी चढली म्हणजे चाक मोठं झालं. प्रत्येक फेरीला मीटरभर नव्हे, मीटर आणि वर जवळजवळ एकोणीस मिलिमीटर. साडेचारशे फेऱ्यांना साडेआठ मीटर. उपकरणाला हात लावला तर ते पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. नव्या माणसांना तो मी शिकवते. भिंतीवर त्याची पाटी आहे, तीही मीच लावली आहे. मी लोकांना सांगितलं, की कागद बरोबर आहे, चूक माझी आहे, नेपच्यून साडेआठ मीटर अलीकडे हवा. सगळ्यांनी अलीकडे पाहिलं. तिथे कचरापेटी आहे. मग शटरच्या आतून आवाज आला.

"रबर किती जाडीचं लावलंस?"

"तीन मिलिमीटर."

आत पेन्सिल कागदावर चालल्याचं ऐकू आलं. मला वाटतं, सूर्यमालेच्या टोकाला एवढी शांतता योग्यच होती.

"मग बरोबर आहे."

चौदा महिन्यांतलं आमचं बोलणं एवढं झालं. मी शब्द मोजले आहेत, माझे दोन धरून नऊ. परतताना न्हाव्याने सांगितलं, की बाबा तीन दिवस सकाळी सातला, ग्रंथालय उघडल्या उघडल्या, टेप घेऊन निघत होते. ग्रंथपालबाईंनी त्यांना सूर्यापर्यंत आत सोडलं आणि मला अवाक्षर सांगितलं नाही. टेप तीस मीटरची. एका माणसाला तीस मीटर ताणता येत नाही, म्हणून ते एका टोकावर पाच किलोचं वजन ठेवायचे, दुसरं टोक घेऊन पुढे जायचे, खडूने खूण करायचे, परत वजन आणायला मागे यायचे. असं सोळा वेळा. आणि एकदा मोजून बाबा थांबत नाहीत, तीनदा मोजतात. (मीही तीनदा मोजते. चाकानेही तीनदा मोजलं होतं. तिन्ही वेळा तेवढंच चुकलं, त्यामुळे मी निर्धास्त होते.)

तर असं चाललं आहे. तुझ्या गुडघ्याचे आकडे कळव. जिना चढताना घाई करू नकोस.

तुझी भाची

ता. क. एक काम होतं. विशेष नाही. सगळी अंतरं नव्याने मोजावी लागणार, आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तू बाबांना फोन केलास तर सहज, गुडघ्याच्या गोष्टी संपल्यावर, एवढं म्हणशील का, की अग्राह्य ठरवणाऱ्याने फेरमोजणीला हजर राहावं असा नियम आहे? (नियम नाही. पण असायला हरकत नाही.) मी सगळ्या सवलती तपासून पाहिल्या. ग्रहांच्या वाटा पूर्ण गोल नसतात, त्यामुळे ग्रह कधी जवळ, कधी लांब असतो. युरेनसला माझ्या रस्त्यावर त्यामुळे चांगली सव्वीस-सत्तावीस मीटर मोकळीक मिळते. नेपच्यूनची वाट मात्र जवळजवळ नेमकं वर्तुळ. त्याला मोकळीक सगळी मिळून आठ मीटर, आणि दुकान तिच्याही बाहेर साडेचार मीटर पडतं. म्हणजे नियमाप्रमाणे मला डबी बाबांकडून परत आणून कचरापेटीवर लावावी लागेल. ते तू त्यांना सांगू नकोस. किंवा सांग. तुझं ते ऐकतात.

ता. क. दोन. वरच्या पत्रात तीन विधानं अचूक नाहीत, ती दुरुस्त करते. प्रमाण गोल म्हणून निवडलेलं नाही. सूर्य मासिकांच्या कपाटापाशी उजेडासाठी टांगलेला नाही, तिथे ट्यूबलाइट वर्षभर बंद आहे. आणि मोजणी सूर्यापासून सुरू झाली नाही. मी चाक बाबांच्या दुकानाच्या पायरीला लावलं आणि तिथून उलटी मोजत आले. साडेचारशे फेऱ्या जिथे संपल्या तिथे सूर्य टांगला. बाबा त्या वेळी आत भिंग लावून काम करत होते. चाक खडखडलं असतं तर त्यांनी मान वर केली असती, म्हणून रबर. वाचकांचा काही संबंध नाही. रस्त्यावर सूर्यमाला मांडली ती एका दुकानात एक मणी ठेवता यावा म्हणून. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दार ठोठावता आलं असतं, हे मला माहीत आहे. तू लिहू नकोस. मात्र एक गोष्ट मला परवा सुचली. चाक मी आदल्या शनिवारीच प्रयोगशाळेत परत केलं होतं, रविवारी ते कोणीही पाहिलं नाही. मग त्यावर रबर आहे हे बाबांना कुठून कळलं? त्यांनी मान वर केली होती.

ता. क. तीन. पाकीट बंद करणार तेवढ्यात लाँड्रीवाल्याने हाक मारली. बाबा खाली एक पुडकं ठेवून गेले. आत आजोबांचा किलो. सोबत अर्ज, रीतसर भरलेला: 'शिसं भरलं आहे. फेरतपासणी व्हावी. तपासनीस तोच असावा.' तपासनीस तोच ठेवता येणार नाही. किलो उद्या मी सहकाऱ्याकडे देणार आहे आणि निकाल लागला की आधी फोन करणार आहे. अर्ज मात्र ठेवून घेतला. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं आहे:

'नेपच्यून जागचा हलणार नाही. सूर्य साडेआठ मीटर पुढे घे. रविवारी सकाळी सात. टेप माझी.'

तेव्हा पहिल्या ता. क.मधली विनंती रद्द समज. मासिकांच्या कपाटापासून साडेआठ मीटर पुढे ग्रंथपालबाईंची खुर्ची आहे. सूर्य बरोबर त्यांच्या डोक्यावर येतो. त्यांना आम्हा दोघांपैकी कोणीही अजून सांगितलेलं नाही.